शेवटून तिसरा

मंडळी, आपल्या अंकात आरोग्य आणि अर्थ ही दोन्ही सदरं एकाच पानावर का छापतात, असा प्रश्न मला पूर्वी पडायचा. २०२२ च्या नोव्हेंबरात त्याचं उत्तर टपालानं घरपोच आलं.

त्या वर्षी आम्ही मिल्टन कीन्सला घर घेतलं. मॉर्गेज पंचवीस वर्षांचं. सल्लागारानं सांगितलं, दोघांच्याही नावानं आयुर्विमा घेऊन ठेवा, उद्या काही झालं तर घर डोक्यावर राहील. ऑनलाइन कोटेशन काढलं तर माझा हप्ता महिना १७ पौंड. चहाकॉफीचा खर्च! मी आनंदानं फॉर्म भरायला बसलो. त्यात एक प्रश्न होता : आईवडील किंवा सख्ख्या भावंडांपैकी कोणाला साठीच्या आत हृदयविकार किंवा मधुमेह झाला आहे काय? मी प्रामाणिकपणे ‘हो’वर खूण केली. मग कंपनीनं घरी एक नर्स पाठवली. तिनं उंची, वजन, कंबर मोजली, रक्त घेतलं आणि गोड हसून निघून गेली. तीन आठवड्यांनी पत्र आलं. हप्ता १७ नव्हे, २६ पौंड.

माझा धंदा सॉफ्टवेअरचा, त्यामुळे आकडा दिसला की आधी गुणाकार. महिना ९ पौंड जास्त, म्हणजे वर्षाला १०८, म्हणजे पंचवीस वर्षांत २७०० पौंड. मी कंपनीच्या नावानं बोटं मोडायला सुरुवात केली. सौभाग्यवतींनी मात्र पत्र हातात घेऊन वेगळाच प्रश्न विचारला. “जास्त पैसे का मागतायत, ते विचारलंस का?”

ते विचारायला जीपीकडे गेलो. रक्तातल्या साखरेची दोनतीन महिन्यांची सरासरी सांगणारी जी एचबीए१सी नावाची तपासणी असते, तिचा माझा आकडा होता ४४. इथल्या मोजमापात ४२ ते ४७ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, आणि ४८ पासून पुढे मधुमेह. वजन ७८ किलो, उंची १७० सेंटिमीटर, म्हणजे बीएमआय २७. मी म्हणालो, “पण ऑफिसातले निम्मे गोरे लोक माझ्यापेक्षा जाड आहेत!” प्रॅक्टिस नर्सनं शांतपणे समजावलं. गोऱ्या लोकांसाठी २५ च्या वर जास्त वजन आणि ३० च्या वर लठ्ठपणा धरतात. आपण दक्षिण आशियाई लोक त्याच वजनाला पोटाभोवती जास्त चरबी बाळगतो आणि आपल्याला मधुमेह कमी वजनावर आणि कमी वयात गाठतो. म्हणून इथल्या नाइस या संस्थेच्या नियमांत आपल्यासाठी रेषा खाली ओढलेल्या आहेत : २३ पासून धोका वाढतो आणि २७.५ ला तो मोठा धरतात. म्हणजे मी दुसऱ्या रेषेपासून जेमतेम अर्धा आकडा लांब होतो. वय होतं ३४.

आता बाबांविषयी थोडं सांगायला हवं.

आम्ही सांगलीचे. बाबांना पहिला झटका आला तेव्हा ते ४७ वर्षांचे होते आणि मी दहावीत. मिरजेला बायपास झाली. डॉक्टरांनी रोज पाऊण तास चालायला सांगितलं. आईनं हौसेनं पांढरे कॅनव्हासचे बूट आणून दिले. बाबा बँकेत ऑफिसर; आयुष्यभर इस्त्रीची पँट आणि चपला. बूट घालून, बनियनवर टी-शर्ट चढवून आमराईत फेऱ्या मारायच्या, ही कल्पनाच त्यांना सहन होईना. “लोक हसतील,” म्हणायचे. मग पहाटे पाचला, अंधारात कोणी ओळखीचं दिसायच्या आत जाऊन यायला लागले. उन्हाळाभर गेले. पावसाळ्यात बंद पडलं ते पडलंच. मी वालचंदला शेवटच्या वर्षाला असताना ते गेले. वय ५३.

जीपीच्या दवाखान्यातून बाहेर पडताना मी मनातल्या मनात आणखी एक वजाबाकी केली. ५३ वजा ३४. आमचा चिरंजीव तेव्हा पाच वर्षांचा होता.

जानेवारीत घराजवळच्या एका चकचकीत जिमचा फॉर्म भरला. इथे आधी अर्थविषयक इशारा देतो, कारण हा धडा मी रोख पैसे मोजून घेतला आहे. ‘पहिला महिना फुकट’ या अक्षरांखाली बारीक टायपात बारा महिन्यांची अट होती. मी एकूण अकरा वेळा गेलो. वर्षाची फी भागिले अकरा केल्यावर एका खेपेला जो आकडा आला, त्यात सहकुटुंब थाळी जेवून झाली असती. सही करण्याआधी किमान मुदत आणि नोटीस पीरियड हे दोन शब्द शोधून वाचा. कौन्सिलच्या लेजर सेंटरमध्ये बहुधा एकेका क्लासचे सुटे पैसे भरून जाता येतं. मला ते सात-आठ पौंडांना पडायचं. आठवडाभर वाटलं नाही तर नुकसान काही नाही.

त्या अकरांपैकी पहिली खेप स्पिन क्लासची. जागच्या जागी चालवायची सायकल, एवढीच माझी समजूत. सांगलीत शाळेपासून सायकल चालवलेली, तेव्हा यात काय अवघड! आत गेलो तर खोलीत अंधार, निळे-जांभळे दिवे आणि छातीत धडधडणारं संगीत. तीसेक सायकली आणि प्रत्येकीवर जाहिरातीतून उतरल्यासारखं माणूस. मी सुती टी-शर्ट आणि घरातली ट्रॅक पँट. सीट कशी वर करायची ते कळेना, विचारायची लाज वाटली, म्हणून तशीच ठेवली. गुडघे हनुवटीला लागत होते. बाई माइकवर ओरडत होत्या, “आणखी एक पूर्ण फेरी गिअर वाढवा!” मी हात नुसताच बटणाजवळ नेऊन फिरवल्याचं नाटक करत होतो. बाविसाव्या मिनिटाला डोळ्यांपुढे काजवे चमकले. उतरलो, भिंत धरून बाहेर आलो आणि पाणी प्यायच्या निमित्तानं जो गेलो तो थेट गाडीत. अर्धा तास स्टिअरिंगवर डोकं टेकून बसलो होतो. खरं सांगायचं तर त्या दिवशी बाबा प्रथमच नीट समजले.

पुढे एकदा त्याच बाईंना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, नव्या माणसानं पाच मिनिटं आधी येऊन ‘मी पहिल्यांदा आलोय’ असं सांगायचं असतं. सीट कमरेच्या हाडाइतकी उंच लावायची, गिअर स्वतःला झेपेल तेवढाच ठेवायचा, आणि मध्येच थांबलेल्याकडे कोणी बघत नाही, कारण सगळे स्वतःच्या श्वासाशी झगडत असतात. इतकं साधं! पण आपल्याकडे वर्गात हात वर करून ‘सर, समजलं नाही’ म्हणणं हा कमीपणा. ही सवय इंग्लंडमध्येही बरोबर आली. सामानात वजन केलं नाही इतकंच.

दुसरा प्रयोग ॲक्वा एरोबिक्सचा. गुडघ्यांवर भार येत नाही म्हणून नर्सनं सुचवलेला. कौन्सिलच्या पोहण्याच्या तलावावर, मंगळवारी सकाळी. पाण्यात छातीभर उतरलो आणि पाहिलं तर वर्गात मी धरून एकोणीस जण. अठरा आज्या! सगळ्या साठीच्या पुढच्या, रंगीत टोप्या घातलेल्या. माझी स्थिती हळदीकुंकवाला चुकून शिरलेल्या जावयासारखी झाली. पण एकीनं हातात फोमचे डंबेल्स दिले, “कम ऑन, लव्ह,” म्हणाली आणि शेजारी उभं करून घेतलं. वाटतं तेवढं ते सोपं नाही. फोम हलका म्हणून पाण्याखाली दाबून धरायला ताकद लागते. विसाव्या मिनिटाला मी धापा टाकत होतो आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाई शेजारणीला नातवाच्या लग्नाची हकिगत सांगत होत्या. त्या वर्गाला मी पुढे तीन महिने गेलो. वर्क फ्रॉम होमचा हा फायदा. त्यातल्याच एका आजींनी मला पार्करनची वाट दाखवली. त्यांचे यजमान तिथे स्वयंसेवक होते.

पार्करन म्हणजे काय, हे आपल्यातल्या नव्यानं आलेल्या मंडळींसाठी सांगतो. दर शनिवारी सकाळी ९ वाजता (स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडमध्ये साडेनऊला) बागेत किंवा तळ्याकाठी पाच किलोमीटर. पळा, चाला, दोन्ही करा. पैसे लागत नाहीत, कधीच. एकदा इंटरनेटवर नाव नोंदवायचं, बारकोड छापून किंवा फोनवर घेऊन जायचा, शेवटी तो दाखवला की दुपारपर्यंत आपली वेळ कळते. पॉल सिंटन-ह्यूइट या गृहस्थांनी २ ऑक्टोबर २००४ रोजी लंडनजवळच्या बुशी पार्कमध्ये हे सुरू केलं. त्या दिवशी पळायला होते तेरा जण. आज देशभर शेकडो ठिकाणी चालतं. सगळा कारभार स्वयंसेवकांचा, अगदी आपल्या मंडळाच्या गणपतीसारखा. फरक इतकाच की इथे कार्यक्रम वेळेवर सुरू होतो. ४ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी बऱ्याच ठिकाणी रविवारी दोन किलोमीटरचं ज्युनियर पार्करन असतं, तेही फुकट. २०१८ पासून जीपींच्या रॉयल कॉलेजच्या सहकार्यानं काही दवाखाने आपल्या भागातल्या पार्करनशी जोडून घेतलेले आहेत.

पण एकदम पाच किलोमीटर जाण्याचा धीर होईना. तेव्हा एनएचएसचं ‘काउच टू फाइव्ह के’ हे फुकटचं ॲप घेतलं. नऊ आठवड्यांचा कार्यक्रम, आठवड्यातून तीन दिवस. पहिल्या आठवड्यात पाच मिनिटं चालून झालं की ६० सेकंद पळायचं, ९० सेकंद चालायचं, असं वीस मिनिटं. साठ सेकंद! कोडमध्ये एक साधी चूक शोधायला मी याच्या साठपट वेळ घालवतो. तरी पहिल्या दिवशी सहाव्या साठ सेकंदांना मी कुंपणाला टेकलो.

आणि वेळ कोणती निवडली होती म्हणता? रात्री साडेदहा. मिल्टन कीन्समध्ये लाल डांबराचे रेडवे नावाचे रस्ते आहेत, फक्त पायी आणि सायकलींसाठी. त्या रस्त्यांवर, अंधारात, हूड डोक्यावर ओढून मी पळायचो. पाचव्या आठवड्यात एके रात्री दिव्याच्या खांबाखाली बुटाची नाडी बांधत असताना एकदम लक्षात आलं की मी आमराईत आहे. म्हणजे बाबांसारखाच, कोणी बघू नये म्हणून. घरी येऊन सौ.ला सांगितलं. ती म्हणाली, “मग उद्यापासून सकाळी जा.” बायकांचं उत्तर हे असं एका ओळीत असतं.

सातव्या आठवड्यात घाई केली आणि नडगी दुखायला लागली. दोन आठवडे सक्तीची विश्रांती. वेळापत्रकात ज्या दिवशी पळायचं नाही असं लिहिलंय, त्या दिवशी पळू नये. हाडांना आणि स्नायूंना सवय व्हायला फुप्फुसांपेक्षा जास्त वेळ लागतो. आणि ज्यांना छातीत दुखतं, चक्कर येते, किंवा जे इन्सुलिन अथवा ग्लिक्लाझाइडसारखी साखर उतरवणारी औषधं घेतात, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. व्यायामात साखर एकदम खाली जाऊ शकते.

अखेर २०२३ च्या जुलैत विलन तळ्याकाठी उभा राहिलो. पोटात बोर्डाच्या परीक्षेसारखा गोळा. सुरुवातीलाच नव्या लोकांना बाजूला बोलावून रस्ता समजावून सांगितला. मी अर्थातच सगळ्यात मागे. दोन किलोमीटरांनंतर बाबागाडी ढकलत पळणारी एक बाई मला ओलांडून गेली. मग एक कुत्रा, त्याच्या मालकासह. चढावर चाललो. वळणावळणावर पिवळ्या जाकिटातली माणसं टाळ्या वाजवत होती आणि मला प्रत्येक टाळी उपरोधिक वाटत होती. ४१ मिनिटं आणि काही सेकंद. माझ्या मागे फक्त दोघं होते : काठी घेऊन चालणारे एक आजोबा आणि त्यांच्याशी गप्पा मारत येणारा एक स्वयंसेवक.

त्या स्वयंसेवकाचं काम ऐका. त्याला टेल वॉकर म्हणतात. सर्वांत शेवटी यायचं, एवढीच त्याची जबाबदारी, म्हणजे दुसरं कोणीही शेवटचं ठरत नाही. मी हे ऐकलं आणि त्या माणसाकडे बघत राहिलो. शाळेत आमच्या पी.टी.च्या मास्तरांना हे सुचलं असतं तर!

घरी आल्यावर चिरंजीवांनी विचारलं, “बाबा, कितवा आलास?” म्हटलं, “शेवटून तिसरा.” “म्हणजे ब्राँझ?” मी हो म्हणालो.

आपल्यात एक बोलणं नेहमी ऐकू येतं : पळणंबिळणं आपल्या रक्तात नाही बुवा, आपण अभ्यासाची माणसं. हे बोलणाऱ्यांना मी फडेप्पा चौगुल्यांचं नाव सांगतो. हे बेळगावचे. १९२० साली भारतातर्फे अँटवर्पच्या ऑलिम्पिकला गेले आणि मॅरेथॉन २ तास ५० मिनिटं ४५ सेकंदांत पळून एकोणिसावे आले. नाशिक जिल्ह्यातल्या कविता राऊत यांनी २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये ब्राँझ मिळवलं. साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या ललिता बाबर २०१६ मध्ये रिओ ऑलिम्पिकच्या स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पोचून दहाव्या आल्या. आणि साताऱ्यातच २०१२ पासून यवतेश्वरच्या घाटात अर्धमॅरेथॉन होते, तिथे हजारो माणसं धापा टाकत चढतात. तेव्हा रक्ताचं सोडा.

वयाचं कारण सांगणाऱ्यांसाठी फौजासिंग आहेत. पंजाबातून इलफर्डला मुलाकडे राहायला आलेले हे गृहस्थ. असं सांगतात की पहिल्या सरावाला ते थ्री-पीस सूट घालून हजर झाले होते. मला घरातल्या ट्रॅक पँटची लाज वाटत होती, तिथे हे! २००० साली, ८९ व्या वर्षी लंडन मॅरेथॉन पळाले. २०११ साली टोरंटोची मॅरेथॉन शंभर वर्षांचे म्हणून पूर्ण केली. पण गिनेस बुकानं विक्रम मानला नाही, कारण जन्माचा दाखला नव्हता. हे वाचून आपल्यापैकी अनेकांना आपले आईवडील आठवतील. शाळेत घालताना हेडमास्तरांनी सगळ्यांचा जन्म १ जूनला लावून टाकलेली ती पिढी! फौजासिंग २०२५ च्या जुलैत, आपल्या गावाजवळ रस्ता ओलांडताना मोटारीच्या धडकेनं गेले. वय ११४.

असो. पुन्हा पैशांकडे येऊ. या छंदात खरा खर्च बुटांचाच. माझे पहिले ७० पौंडांचे. मागच्या वर्षीचं मॉडेल घेतलं तर बरंच स्वस्त पडतं, पाय तेवढाच राहतो. महागडं घड्याळ लागत नाही, फोन पुरतो. शर्यतींची फी मात्र विचार करून भरा, कारण आजारी पडलात तर ती बहुधा परत मिळत नाही. मोठ्या शर्यतींना चिठ्ठ्या टाकून नंबर लागतो. नाही लागला तर एखाद्या धर्मादाय संस्थेची जागा घेऊन त्यांच्यासाठी ठराविक रक्कम जमवायची असते. मी तसंच केलं. हृदयरोगावर काम करणारी एक संस्था निवडली. कारण सांगायला नको.

यात एक गंमत झाली. दिवाळीच्या कार्यक्रमात मी स्पॉन्सरशिप मागत फिरलो, तेव्हा एका काकांनी विचारलं, “पळणार तू, मग पैसे आम्ही का द्यायचे?” प्रश्न तर्काला धरून होता. मी म्हणालो, “काका, मी पळावं म्हणून नाही, मी मध्येच थांबू नये म्हणून द्या.” त्यांनी वीस पौंड दिले. देणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं : आपण इथे कर भरत असाल तर गिफ्ट एडच्या चौकटीत खूण करा. आपल्याला काही पडत नाही, पण संस्थेला प्रत्येक पौंडामागे सरकारकडून आणखी २५ पेन्स मिळतात. शिवाय चाळीस टक्के दरानं कर भरणाऱ्यांना वरचा फरक स्वतःसाठी परत मागता येतो. टॅक्स रिटर्न भरताना आपल्यातले किती जण हे विसरतात!

शर्यत होती ग्रेट नॉर्थ रन, ८ सप्टेंबर २०२४. ब्रेंडन फॉस्टर या ऑलिम्पिक धावपटूंनी १९८१ साली सुरू केलेली ही अर्धमॅरेथॉन न्यूकॅसलहून निघून साउथ शील्ड्सला समुद्रावर संपते. १३.१ मैल, आपले २१ किलोमीटर. हजारो लोक एका मोटरवेवर रांगा लावून उभे. पावसाची भुरभुर, अंगावर काळी बिनबॅगची पिशवी भोकं पाडून घातलेली (ही युक्ती शेजारच्याची, सुरुवात होताच काढून टाकायची). बोगद्यातून जाताना पुढचा कोणीतरी ‘ओगी ओगी ओगी’ ओरडतो आणि सगळा बोगदा ‘ओय ओय ओय’ करून उत्तर देतो. वारीत ‘ज्ञानबा तुकाराम’ एका दिंडीतून दुसऱ्या दिंडीत सरकत जातं, तसं काहीसं ते मागे मागे सरकत गेलं. टाइन ब्रिजवर डोळे भरून आले. का, ते विचारू नका.

पहिले सहा मैल ठीक. मी खिशात शेंगदाणा-गुळाचे चार लाडू कागदात बांधून नेले होते. लोक जेल खात होते, मी लाडू. रस्त्याच्या कडेला घराघरांतून माणसं बाहेर आलेली, पोरं ताटलीत संत्र्याच्या फोडी आणि जेली बेबीज घेऊन उभी. माझ्या शर्टावर छातीवर नाव छापलेलं होतं आणि ते ओरडायचा सगळ्यांनी आपापल्या परीनं प्रयत्न केला. माझ्या नावाची एवढी रूपं असू शकतात, हे मला माहीत नव्हतं. दहाव्या मैलाच्या पुढे रस्ता हळूहळू चढत जातो, संपतच नाही. तिथे मी चालू लागलो. पाठीवर बाबांचं नाव आणि वर्षं लिहिलेला कागद पिनांनी लावला होता. मागून आलेल्या एका धिप्पाड माणसानं तो वाचला असावा. बोलला काहीच नाही. खांद्यावर हात ठेवून साधारण शंभर यार्ड माझ्या शेजारी चालला, मग म्हणाला, “राइट?” आणि आम्ही दोघं पुन्हा पळायला लागलो. त्याचं नाव मला आजही माहीत नाही. शेवटी एक खडा उतार लागतो, समोर एकदम समुद्र दिसतो आणि वाटतं संपलं. संपलेलं नसतं. त्यानंतर किनाऱ्यानं एक अख्खा मैल आहे, आणि तो सगळ्यात लांब आहे. २ तास ४३ मिनिटं.

जीपीच्या यादीत माझा आकडा २०२४ च्या जानेवारीतच ४० वर आला होता. नुसत्या पळण्यानं नव्हे. रात्रीचा भात निम्मा केला, ऑफिसातली बिस्किटं सोडली, आणि एनएचएसचा मधुमेह प्रतिबंधाचा नऊ महिन्यांचा मोफत कार्यक्रम जीपीनं लावून दिला होता, तो पूर्ण केला. इंग्लंडमध्ये ज्यांचा आकडा ४२ ते ४७ आहे त्यांनी जीपीकडे हा जरूर मागावा. चाळिशी ओलांडलेल्यांना पाच वर्षांतून एकदा हेल्थ चेकही फुकट मिळतो. पत्र आलं की टाळू नका. विमा कंपनीकडे मी पुन्हा अर्ज केला. दुसऱ्या कंपनीकडे हप्ता १९ पौंडांवर आला. नवी पॉलिसी लागू झाल्याचा कागद हातात येईपर्यंत जुनी बंद करायची नाही, एवढं ध्यानात ठेवा.

आणि २०२५ च्या उन्हाळ्यात आई आली. सहा महिन्यांचा व्हिसा, त्यातले दोन महिने नातवाबरोबर. दुसऱ्याच शनिवारी ती म्हणाली, “तू जातोस तिथे मला पण ने.” म्हटलं, आई, पाच किलोमीटर आहे. “मग? संकष्टीला गणपतीपर्यंत पायीच जाते की मी.” सहावारी नेसून, खाली सौ.चे जुने स्पोर्ट्स शूज घालून ती विलनच्या तळ्याकाठी उभी राहिली. मी आडून आडून सुचवलं होतं, पंजाबी ड्रेस घाल. तिनं ऐकलं नाही. सगळ्यांत मागे, टेल वॉकरच्या शेजारून ती चालत होती आणि मी तिच्याबरोबर. टेल वॉकर बाईंना मराठी येत नव्हतं आणि आईला इंग्रजी बेताचंच, तरी दोघींचं बदकांविषयी एकमत झालेलं मला दिसलं. अर्ध्या वाटेत ती थांबली, पाणी प्यायली, आजूबाजूला पाहिलं. एक माणूस केळ्याचा वेष घालून पळत गेला. कोणाचा तरी वाढदिवस होता.

आई बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “ह्यांना दाखवायला हवं होतं रे हे.”

५८ मिनिटं लागली. दुपारी निकाल आला तो तिला फोनवर दाखवला. नाव, वेळ, आणि पुढे वयाचा गट, ६५ ते ६९. तो गट पाहून मात्र ती बिघडली. म्हणाली, “हे चूक आहे. मास्तरांनी दोन वर्षं वाढवून लावलंय माझं. त्यांना कळव.”